कापडी लंगोट आणि धुवायची फडकी

तान्ह्या बाळाची शी-शू टिपण्यासाठी बांधायचे आणि धुऊन पुन्हा वापरायचे सुती कापड म्हणजे लंगोट. बाळाखाली अंथरायची जुनेरी म्हणजे बाळोती आणि बाळाचे अंग पुसायला त्याच मऊ कापडाचे छोटे तुकडे म्हणजे फडकी. कोल्हापुरात झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची यांच्याबरोबर ही कापडे पूर्वीपासून बाळंतिणीच्या तयारीत असतात. वापरून टाकायच्या डायपरने गेल्या काही दशकांत त्यांची जागा बरीचशी घेतली. अलीकडे पॉकेट डायपर, ऑल-इन-वन, पॅड आणि कव्हर अशा नव्या शिवणीत कापड पुन्हा घरात येऊ लागले आहे. नव्याने सुरुवात करणारे आईवडील बहुतेक वेळा ‘किती शोषून घेतो’ एवढेच विचारतात. कोल्हापूरच्या हवेत त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न ‘किती वेळात वाळतो’ हा आहे आणि पुढची बहुतेक निवड त्यावरच ठरते.

जुनी रीत. पहिले बाळंतपण माहेरी. दिवस भरत आले की घरातली आजी ट्रंकेतून विरलेली सुती लुगडी, धोतरे आणि मलमलीचे पंचे काढते, उकळून घेते, उन्हात कडकडीत वाळवते आणि फाडून चौकोन करते. एक नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. तिच्यातून ७० सेंटिमीटरचे दहा-अकरा चौकोन निघतात आणि काठाकडच्या उरलेल्या पट्टीतून फडक्यांचा मोठा गठ्ठा होतो. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवे कापड लावायचे नाही, असा अनेक घरांत दंडक आहे. त्यामागे व्यवहारी शहाणपण आहे. विणताना सुताला खळ लावलेली असते आणि कापसाच्या तंतूवर मुळातच मेणासारखा थर असतो. कोरे कापड त्यामुळे कडक लागते आणि पाणी टिपत नाही. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यातून खळ आणि मेण दोन्ही गेलेले असतात. इतके मऊ आणि इतके शोषणारे कापड दुकानात मिळणे अवघड आहे.

त्याच घरांतली दुसरी सवय म्हणजे आजीने किंवा आईने पाटावर बसून, पाय पुढे घेऊन, दोन पावलांच्या मध्ये बाळाला बसवणे आणि तोंडाने ‘शू शू’ करणे. दूध पाजल्यावर आणि झोपेतून उठल्यावर हे नेमाने केले तर घाण होणाऱ्या लंगोटांची संख्या चांगलीच घटते. मान धरेपर्यंत बाळाला नीट आधार द्यावा लागतो. बाळ कुरकुरले तर सोडून द्यावे, जबरदस्ती करू नये.

दिवेलागणीच्या आत बाळाचे कपडे दोरीवरून काढायचे, हा नियम अजून घरोघरी पाळला जातो. दृष्ट लागते म्हणून कोणी काढो वा दव आणि किडे यांच्यासाठी, फायदा एकच. संध्याकाळनंतर दोरीवरचे कापड हवेतला ओलावा परत ओढून घेते.

नवे प्रकार. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी १९४० च्या दशकात न्हाणीघराच्या पडद्यापासून लंगोटावर घालायचे पाणी न गळणारे कव्हर शिवले आणि पुढे पॅराशूटचे नायलॉन वापरून ते सुधारले. १९५१ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात आले आणि १९८० च्या दशकात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हे ओल धरून ठेवणारे रसायन वापरात आल्यावर टाकायचा डायपर पातळ झाला. डोनोव्हन यांनी टिपणारे कापड आणि अडवणारे कव्हर वेगळे केले होते. आजच्या कापडी डायपरचे बरेच प्रकार त्याच कल्पनेवर उभे आहेत.

आजचे कव्हर पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवून करतात. बाजारात त्याला पीयूएल म्हणतात. पॉकेट डायपरमध्ये कव्हरच्या आत खिसा असतो आणि त्यात पॅड सरकवायचे असते. ऑल-इन-वनमध्ये सगळे थर एकत्र शिवलेले असतात. घालायला तो सर्वांत सोपा आणि वाळायला सर्वांत हट्टी. मायक्रोफायबरचे पॅड ओल पटकन ओढते, पण दाबले की सोडते. ते थेट कातडीला लावायचे नसते, कारण कातडीचा ओलावाही ते ओढून घेते. सुती आणि बांबूचे पॅड हळू टिपते, पण धरून ठेवते.

कोल्हापूरची हवा. जून ते सप्टेंबर शहरावर ढग बसलेले असतात. जुलैत तर दिवसेंदिवस ऊन पडत नाही. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी आणि शाहूवाडीकडे पाऊस आणखी कितीतरी जास्त. अशा दिवसांत चार-पाच थर एकत्र शिवलेले पॅड पंख्याखालीही एका दिवसात पुरते वाळत नाही. वरून कोरडे लागते, आत ओल राहते आणि मग कुबट वास येतो. एकेरी चौकोन मात्र त्याच पंख्याखाली काही तासांत वाळतो. म्हणून या भागात सुरुवात करायला सर्वांत भरवशाची जोडी जुना चौकोनी लंगोट आणि नवे कव्हर ही आहे. ७० सेंटिमीटरच्या चौकोनाची एका दिशेने तीन पदरी घडी घालावी आणि मग लांबीत मधोमध दुमडावे. सहा पदरी पट्टी तयार होते आणि ती कव्हरमध्ये पुढून मागे अशी लांबीत ठेवता येते. धुताना ती उलगडली की पुन्हा एकेरी कापड! मुलग्याच्या लंगोटात पुढच्या बाजूला एक जादा घडी ठेवावी, मुलीच्या लंगोटात मध्यभागी.

घरात जुनी सुती लुगडी उरली नसतील तर मांजरपाट किंवा मलमल घ्यावी. महाद्वार रोड आणि लक्ष्मीपुरीच्या कापडदुकानांत मीटरवर सुती कापड सहज मिळते. जिल्ह्यातच इचलकरंजीला १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि गाव पुढे यंत्रमागाचे मोठे केंद्र झाले. सुती कापडाला इथे तोटा नाही. मागावरून आलेले कोरे कापड घेतले तर खळ काढणे भाग आहे. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ते एकदा चांगले उकळावे, मग साध्या पावडरीने चार-पाच धुणी होऊ द्यावीत. कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब तरंगत राहिला तर अजून धुवावे, लगेच जिरला तर कापड तयार.

किती लागतात. नवजात बाळाचा लंगोट दिवसाला दहा-बारा वेळा बदलावा लागतो. सहा महिन्यांनंतर हे प्रमाण सहा-आठवर येते. रोज धुणाऱ्या घरात दोन डझन चौकोन आणि चार-पाच कव्हरे पुरतात. कव्हरला शी लागली नसेल तर ते पुसून, वारे देऊन दोन-तीनदा वापरता येते. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळासाठी आणखी एक डझन चौकोन हाताशी असावेत. तयार पॉकेट डायपरचा मोठा संच एकदम घेऊ नये. एका डायपरला काहीशे रुपये पडतात आणि बाळाच्या मांड्यांना तो कसा बसतो हे घातल्याशिवाय कळत नाही. आधी दोन-तीन घेऊन पाहणे शहाणपणाचे.

पहिले दोन-तीन दिवस बाळाची शी काळी आणि डांबरासारखी चिकट असते. त्यासाठी टाकून देता येतील अशी जुनीच फडकी वापरावीत. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, लंगोटाची पुढची कड बेंबीच्या खाली दुमडावी. लंगोट किंवा दुपटे घट्ट आवळून पाय सरळ बांधण्याची चाल मात्र सोडायला हवी. नवजाताच्या खुब्याचा सांधा अजून घडत असतो. पाय बेडकासारखे वर आणि फाकलेले राहू द्यावेत. सरळ बांधल्याने सांधा सरकण्याचा धोका वाढतो.

साध्या लंगोटाचा एक गुण टाकायच्या डायपरमध्ये नाही. ओल लगेच दिसते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील तर बाळाला दूध पुरते आहे असे समजायला आधार मिळतो. ‘दूध पुरत नाही’ या धास्तीत असलेल्या नव्या आईला हा हिशेब फार धीर देतो.

फडकी. १५ ते २० सेंटिमीटरचे चौकोन पुरेसे आहेत. जुने सुती लुगडे, मलमल किंवा फ्लॅनेल चालते. कडा सुटू नयेत म्हणून एक शिलाई मारावी. पुसायला कोमट साधे पाणी लागते, बाकी काही नाही. साबण, गुलाबपाणी, सुगंधी तेल यांची गरज नसते आणि नवजाताच्या कातडीला त्यांनी चरचरही होते. तोंडाची आणि खालची फडकी वेगळ्या रंगाची किंवा वेगळ्या कापडाची ठेवावीत. मुलीला नेहमी पुढून मागे पुसावे. फडकी भिजवून डब्यात ठेवायची असतील तर त्या दिवसापुरतीच ठेवावीत, कारण दमट हवेत ओल्या गठ्ठ्याला लवकर बुरशी धरते. त्यापेक्षा कोरडी फडकी आणि पाण्याचा छोटा थर्मास ही सोय बरी. विकतच्या ओल्या वाइप्समध्ये बहुधा पॉलिएस्टरचे धागे असतात. संडासात टाकल्यास त्या विरघळत नाहीत, सांडपाण्याचे नळ तुंबवतात.

धुणे. या कामाला लोक सर्वांत जास्त घाबरतात. ते नेमाचे आहे, अवघड नाही. ओले लंगोट झाकण घट्ट न लावलेल्या कोरड्या बादलीत टाकावेत. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्यास वास वाढतो आणि कव्हरचे इलॅस्टिक बिघडते. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात सहज निघते. वरचे अन्न सुरू झाल्यावर ती आधी संडासात झटकावी. लहान बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे, तिच्यातूनही जंतू पसरतात. पंचगंगेच्या घाटावर किंवा गावच्या ओढ्यावर शीचे लंगोट धुणे म्हणूनच टाळायला हवे. मैलापाण्याने दूषित झालेल्या पाण्यामुळे २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. नदीकाठच्या लोकांना हे वेगळे सांगावे लागू नये.

आधी थंड पाण्यात खळबळून काढावे, मग गरम पाण्यात पावडर टाकून धुवावे आणि शेवटी भरपूर पाण्यात फेस जाईपर्यंत हिसळावे. घरात बंब किंवा सोलर असेल तर बाळ-बाळंतिणीच्या अंघोळीनंतर उरलेले कढत पाणी याच कामाला येते. मशीनमध्ये ६० अंशांपर्यंतचे पाणी पुरते. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण साका धरतो आणि तो कापडात बसून शोषण कमी करतो. तिथे पावडर बरी. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरू नये, कारण तेही तंतूवर थर चढवते. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक घालण्याची सवय अनेक घरांत आहे. त्याचा अंश कापडात राहिला तर बाळाला पुरळ येऊ शकते.

इथल्या बाळांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते आणि ती तेलाची. न्हाऊ घालणारी बाई मांड्या, कंबर, पाय तेलाने चांगले रगडते. ते तेल पॉकेट डायपरच्या आतल्या फ्लीसला, म्हणजे कातडीला लागणाऱ्या मऊ कृत्रिम कापडाला, लागले की कापड पाणी झटकू लागते आणि मूत्र बाजूने गळते. दोष डायपरचा वाटतो, असतो तेलाचा. अंघोळीनंतर जांघा नीट पुसून मगच लंगोट बांधावा. मलम लावायचे असेल तर मध्ये पातळ फडके घालावे.

वाळवणे. चौकोन उन्हात घालावेत. उन्हाने डाग फिके पडतात आणि जंतूही कमी होतात. कव्हरे सावलीत वाळवावीत, कडक उन्हात त्यांचा थर आणि इलॅस्टिक लवकर खराब होते. पावसाळ्यात शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवण्याची जुनी पद्धत होती. ज्या खोलीत हवा खेळती होती तिथे ती खपून गेली. आजच्या बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतो. धुरी देण्याच्या बाबतीतही हेच. पंखा, गॅलरीतली आडोशाची दोरी आणि शेवटी इस्त्रीचा एक हात एवढ्याने पातळ चौकोन पुरते कोरडे होतात. कव्हरवर इस्त्री फिरवू नये.

डायपरशी सांगड. कापड वापरायचे तर रात्रंदिवस कापडच, असा हट्ट धरणारे बहुधा महिनाभरात सगळेच सोडून देतात. दिवसा घरी लंगोट आणि रात्री किंवा प्रवासात टाकायचा डायपर ही वाटणी अनेक घरांना मानवते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिंगणापूर, बालिंगा येथील उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ बंद पडले होते. अशा दिवसांत पिण्याचे पाणी वाचवून डायपर वापरणेच योग्य. कापड असो वा डायपर, वेळेवर बदलले नाही तर पुरळ येऊ शकते. लाल चट्ट्याभोवती बारीक लाल ठिपके दिसले तर ते बुरशीचे असू शकते. डॉक्टरांना दाखवावे.

वापरलेला डायपर गुंडाळून, इतर कचऱ्यापासून वेगळा द्यायचा असतो. शहराचा कचरा कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावर जातो. खेड्यांत मात्र डायपर ओढ्यात, उसाच्या बांधावर, नाहीतर पेटवलेल्या ढिगात सापडतात. त्यातले प्लास्टिक कुजत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कापडी लंगोटाचा तापमानवाढीतला वाटा टाकायच्या डायपरपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाला. पाणी किती तापवले, मशीन पूर्ण भरून चालवले का, वाळवायला वीज लागली का आणि तेच कापड दुसऱ्या बाळालाही वापरले का, यावर हा आकडा खालीवर होतो. कोल्हापुरात कपडे दोरीवरच वाळतात, म्हणजे त्यातली एक मोठी बाब आधीच आपल्या बाजूची आहे.

साठवण. दुसऱ्या बाळासाठी लंगोट ठेवताना ते पुरते कोरडे करावेत. पावसाळा उलटून गेल्यावर दोन-तीन कडक उन्हे दाखवून मग ट्रंकेत भरावेत. कव्हरचे इलॅस्टिक सैल झाले असेल तर शिंप्याकडून बदलून घेता येते. ट्रंकेत डांबरगोळ्या मात्र कधीही टाकू नयेत. त्यातल्या नॅप्थलीनच्या वाफेने जी-६-पी-डी या विकराची कमतरता असलेल्या नवजाताच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता जन्मतः असते, वरून दिसत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो. डांबरगोळ्यांत ठेवलेले जुने लुगडे कोणी प्रेमाने आणून दिले, तर ते धुऊन, काही दिवस उन्हावाऱ्यात ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच फाडायला घ्यावे.