वाशिष्ठी खोरे

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील नदीखोरे. सह्याद्रीच्या कण्यापासून दाभोळच्या समुद्रमुखापर्यंत पसरलेल्या या खोऱ्यात चिपळूण तालुक्याचा मोठा भाग, खेड तालुका आणि मुखाजवळ दापोली व गुहागर तालुक्यांच्या कडा येतात. वाशिष्ठीचा उगम चिपळूण तालुक्यातील तिवरे गावाच्या वरच्या डोंगरात होतो. नदी आधी सह्याद्रीच्या पायथ्याने दक्षिणेकडे उतरते, मग पश्चिमेला वळून चिपळूण शहरातून जाते. शहराच्या खाली तिला खेडकडून येणारी जगबुडी बहिरवलीजवळ मिळते आणि तेथून पुढचा रुंद प्रवाह दाभोळची खाडी म्हणून ओळखला जातो. खाडीच्या मुखाशी उत्तरेला दाभोळ आणि दक्षिणेला अंजनवेल आहे.

कोकणातील बहुतेक नद्यांप्रमाणे वाशिष्ठीही आखूड आणि तीव्र उताराची आहे. मात्र तिचा सगळा उतार पहिल्या टप्प्यातच संपतो. घाटाच्या पायथ्याला आल्यावर ती सपाट होते आणि चिपळूणला तर समुद्रच तिला भेटायला येतो. समुद्रमुखापासून सुमारे ४० किलोमीटर आत असलेल्या या शहराच्या वेशीपर्यंत भरतीचे पाणी चढते. खोऱ्याचा भूगोल आणि इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे. वरून येणारे पावसाचे पाणी आणि खालून येणारे खारे पाणी जिथे गाठ घेते, तिथेच बंदर झाले, तिथेच बाजारपेठ वाढली आणि पूरही तिथेच भरतो.

भूरचना आणि शेती

खोऱ्याचा तळ दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा आहे. समुद्राकडच्या टेकड्यांच्या माथ्यावर जांभ्याचा थर असून त्याचेच चिरे काढून घरे बांधली जातात. जांभ्याचे सडे, म्हणजे उघडे सपाट माथे, पावसाळ्यात हिरवे आणि उन्हाळ्यात पूर्ण ओसाड असतात. चिपळूणला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याहून अधिक. हा पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो, त्यामुळे ओढे-पऱ्हे जानेवारीपासूनच आटू लागतात.

नदीकाठच्या मळईच्या जमिनीत भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, खाडीकाठी बांध घालून समुद्राकडून मिळवलेल्या खाजण जमिनीत पुन्हा भात, अशी जुनी मांडणी होती. खाजणाचे बांध राखणे हे गावकीचे काम असे. एका ठिकाणी बांध फुटला की साऱ्या गावाच्या शेतात खारे पाणी शिरे. मुंबईकडे गेलेली माणसे आणि दुर्लक्षित बांध यांमुळे अशी बरीच शेते आता कांदळवनाच्या ताब्यात गेली आहेत. त्यात मासळीचा फायदा झाला, हेही खरे.

चिपळूणच्या खाली गोवळकोट ते मालदोली या पट्ट्यात मगरी मोठ्या संख्येने आहेत. ओहोटीच्या वेळी त्या चिखलाच्या काठांवर ऊन खात पडलेल्या असतात, आणि अलीकडे त्या पाहण्यासाठी होड्यांच्या सफरीही निघतात. पुराच्या पाण्याबरोबर एखादी मगर शहराच्या रस्त्यावर येते, तेव्हा बाहेरगावच्या वाहिन्यांना जितके आश्चर्य वाटते तितके चिपळूणकरांना वाटत नाही.

बंदर आणि घाट

दाभोळ हे बहमनी आणि पुढे आदिलशाही राज्याचे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर होते. अरबस्तान आणि इराणकडून येणारे घोडे येथे उतरत आणि देशावरचे कापड व मसाले येथून बाहेर जात. रशियन प्रवासी अफनासी निकितीन १४७०च्या दशकाच्या सुरुवातीला परतीच्या प्रवासाला निघाला, तो याच बंदरातून. मक्केला जाणारे यात्रेकरूही येथे जहाजावर चढत. गावातील आदिलशाहीकालीन घुमटाची मशीद बंदरालगत आजही उभी आहे. हज यात्रा खोळंबलेल्या एका शाही स्त्रीने यात्रेचा पैसा या बांधकामावर खर्च केला, अशी या मशिदीबद्दलची आख्यायिका आहे.

बंदराच्या भरभराटीला पहिला मोठा तडाखा पोर्तुगीजांनी दिला. चौलच्या लढाईत मारल्या गेलेल्या मुलाचा सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या फ्रान्सिस्को द आल्मेदाने डिसेंबर १५०८ मध्ये वाटेत दाभोळ लुटून जाळले आणि रहिवाशांची सरसकट कत्तल केली. बंदर त्यातून सावरले, पण समुद्रावरचे वर्चस्व आता दुसऱ्यांच्या हाती गेले होते.

फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाला शरण आणल्यावर शिवाजी महाराज दक्षिण कोकणात उतरले आणि दाभोळ स्वराज्यात आले. खोऱ्याच्या दोन कुलुपांसाठी, म्हणजे मुखाशी अंजनवेल आणि चिपळूणच्या दाराशी गोवळकोट या किल्ल्यांसाठी, पुढे मराठे आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यात दीर्घकाळ झगडा चालला. १७२७ मध्ये या भागाचा सिद्दी अधिकारी सिद्दी सात याने चिपळूणच्या वरच्या डोंगरातील परशुराम क्षेत्र उद्ध्वस्त केले. तेथे राहणाऱ्या साधू ब्रह्मेंद्रस्वामींनी कोकण सोडून साताऱ्याजवळच्या धावडशीला मुक्काम हलवला आणि तेथून सिद्दीविरुद्ध छत्रपती शाहू व पेशव्यांचा पाठपुरावा करणारी पत्रे वर्षानुवर्षे लिहिली. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांबरोबरच्या लढाईत सिद्दी सात मारला गेला, तरी किल्ले सिद्दीकडेच राहिले. ते घेतले १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी. त्यांनी अंजनवेलला गोपाळगड आणि गोवळकोटला गोविंदगड अशी नावे दिली. गोवळकोटचे नवे नाव कागदावरच राहिले. १८१८ मध्ये सारा मुलूख इंग्रजांकडे गेला.

खोऱ्याची दुसरी बाजू म्हणजे कुंभार्ली घाट. चिपळूणहून या घाटाने पाटण आणि कऱ्हाड गाठता येते. समुद्रातून माल दाभोळला, तेथून लहान होड्यांतून भरतीच्या जोरावर गोवळकोटच्या धक्क्याला आणि पुढे बैलांच्या पाठीवर घाटमाथ्याला, अशी ही साखळी होती. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर चढत. धान्य, गूळ, कापूस खाली उतरे. चिपळूणची बाजारपेठ या अदलाबदलीवर मोठी झाली. गावात मराठी दुकानदार, गुजराती व्यापारी आणि कालुस्ते, गोवळकोट, मिरजोळी या गावांतील कोकणी मुसलमान खलाशी व व्यापारी यांची वस्ती त्यातूनच जमली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशावर रेल्वेचे जाळे पसरले आणि घाटावरचा माल मुंबईला थेट जाऊ लागला. गोवळकोटचा धक्का हळूहळू रिकामा झाला. पण बाजारपेठ टिकली, कारण आसपासच्या दोनतीन तालुक्यांना दुसरी नव्हती. १८६४ मध्ये सुरू झालेले वाचनालय, आजचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, याच बाजारपेठेच्या सुबत्तेची खूण आहे. जानेवारी २०१३ मध्ये चिपळूणला ८६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

बंदर गेले तरी शिमगा गेला नाही. गोवळकोट आणि पेठमाप येथील करंजेश्वरी देवीच्या पालखीचा सोहळा, त्यातही जमिनीत पुरलेला नारळ पालखीने शोधून काढण्याचा ‘शेरणे’ हा प्रकार पाहायला मुंबईहून चाकरमानी आवर्जून येतात.

कोयनेचे पाणी

गेल्या साठ वर्षांतील वाशिष्ठी ही जुनी वाशिष्ठी नाही. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायचे. १९६० च्या दशकात कोयनेवर धरण बांधून शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणले गेले आणि घाटाच्या कड्यातील चारशे मीटरहून अधिक उंचीचा फरक विजेसाठी वापरला गेला. पोफळी येथील भूमिगत वीजगृहातून पहिल्या दोन टप्प्यांची ६०० मेगावॉट वीज मिळते. चौथा टप्पा १००० मेगावॉटचा आहे. त्याच्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला बोगद्यातून स्फोटाने छिद्र पाडण्यात आले. एप्रिल २०१२ मध्ये असाच प्रयोग पुन्हा झाला. या सर्व टप्प्यांतून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडी धरणात साठवतात आणि त्यावर ३२० मेगावॉटचा तिसरा टप्पा चालतो. धरणाच्या पायथ्याची वीज धरून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट होते.

कोळकेवाडीच्या खाली अलोऱ्याजवळून हे पाणी कालव्याने वाशिष्ठीत सोडले जाते. त्याला ‘अवजल’ म्हणतात. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. ती मर्यादा म्हणजेही एका छोट्या कोकणी नदीसाठी अफाट पाणी. एरवी एप्रिलमध्ये डबक्यांपुरती उरली असती अशी नदी त्यामुळे उन्हाळ्यातही वाहते. चिपळूण शहराचे पिण्याचे पाणी आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींचा पुरवठा यावरच चालतो. वीजनिर्मिती थांबली की चिपळूणच्या नळांना धार कमी येते, हा इथला नेहमीचा अनुभव. उरलेले बहुतेक पाणी समुद्राला मिळते. ते मुंबईला नेण्याच्या योजना अनेक वर्षे मांडल्या जात आहेत. ज्यांच्या अंगणातून हे पाणी जाते, त्या खोऱ्यातल्या डोंगरवाड्यांना मात्र मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. योजनांच्या चर्चेत या वाड्यांचा उल्लेख शेवटी येतो, आला तर.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरात सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. जलाशयातील पाण्याशी भूकंपाचा संबंध जोडला जातो, अशा घटनांमध्ये हा जगभर अभ्यासला गेलेला भूकंप आहे. त्या परिसरातील लहान धक्के चिपळूणला अजूनही अधूनमधून जाणवतात.

पूर

चिपळूणला पुराचे पाणी शहरात येणे नवे नाही. जुन्या पेठेतील घरांची जोती त्याचा विचार करून उंच बांधलेली असत. पण २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ हे दोन पूर वेगळ्या मापाचे होते. २०२१ मध्ये बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात गेली, एसटी आगारातल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या, वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेला दुसऱ्यांदा फटका बसला आणि नदीचा पूल धोक्यात आल्याने चिपळूण व कामथे स्थानकांदरम्यान कोकण रेल्वे बंद ठेवावी लागली. एका रुग्णालयात ऑक्सिजनवर असलेले रुग्ण दगावले.

कारणांबद्दल शहरात आणि पाटबंधारे खात्यात एकमत नाही. घाटात झालेली अतिवृष्टी आणि त्याच वेळेची भरती यांवर वाद नाही. वाद आहे तो धरणातून सोडलेल्या पाण्याचा वाटा किती, यावर. गाळाचा मुद्दाही जुना आहे. वाशिष्ठी आणि शहरातून तिला मिळणारी शिवनदी यांची पात्रे गाळाने आणि अतिक्रमणांनी उथळ झाली होती. नागरिकांनी डिसेंबर २०२१ मध्ये त्यासाठी उपोषण केले आणि त्यानंतर गाळ काढण्याचे मोठे काम सुरू झाले. दुसरीकडे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या निळ्या-लाल पूररेषा आखल्यावर जवळजवळ सारी जुनी पेठ बांधकामबंदीच्या पट्ट्यात आली. शहर नदीकाठावरच वसलेले असताना या रेषांचा अंमल कसा करायचा, याचे उत्तर कोणाकडे नाही. उगमाकडेही पाणी घातक ठरले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे येथील मातीचे लहान धरण फुटले, खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

खाडीकाठचे उद्योग

लोटे-परशुराम येथील औद्योगिक वसाहत मुख्यतः रसायनांच्या कारखान्यांची आहे आणि तिचे सांडपाणी दाभोळ खाडीत सोडले जाते. खाडीत मेलेल्या माशांचे थर तरंगण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. कोतवली आणि आसपासच्या गावांतील भोई समाजाची मासेमारी त्यामुळे खालावली आणि त्यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे दाद मागितली. रेती उपसा हा खाडीतला दुसरा जुना धंदा. डुबी मारून हातपाटीने रेती काढणाऱ्यांच्या जागी सक्शन पंप आले, तेव्हा काठ ढासळू लागले.

मुखाशी असलेला वीजप्रकल्प देशभर गाजला तो दाभोळच्या नावाने, पण उभा आहे तो समोरच्या काठावर, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या माळावर. अमेरिकेच्या एन्रॉनच्या भागीदारीतील दाभोळ पॉवर कंपनीशी राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि विजेच्या दरावरून २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आला. त्याची क्षमता १९६७ मेगावॉट, म्हणजे खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या कोयनेएवढीच. कोयनेची चक्रे मात्र फिरत राहिली. गॅस परवडत नाही म्हणून अंजनवेलची कित्येकदा थांबली.

दाभोळ आणि समोरचे धोपावे यांना जोडणारी फेरीबोट आता माणसांबरोबर मोटारीही वाहून नेते. खाडीच्या मुखाशी पूल नसल्याने हीच वाट जवळची. ती चुकली तर दापोलीहून गुहागरला जायला चिपळूणचा वळसा घालावा लागतो.