सहआरोपींच्या शिक्षेतील तफावत: १९८१ च्या एका फाशीची पार्श्वभूमी

६ ऑक्टोबर १९८१ रोजी जीता सिंगला फाशी झाली. हरबन्स सिंगलाही त्याच दिवशी फाशी व्हायची होती. ऐनवेळी रिट अर्ज करून त्याने स्थगिती मिळवली, म्हणून तो वाचला. तिसरा आरोपी कश्मीरा सिंग याची फाशी तर १९७७ सालीच जन्मठेपेत बदलली होती. एकाच कुटुंबातील चौघांचा खून, तिघांचा वाटा सारखा, सत्र न्यायालयाचा निकालही एकच. फाटे फुटले ते सर्वोच्च न्यायालयात: तिघांचे अर्ज वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. हरबन्सच्या फेरविचार अर्जासोबतच्या कार्यालयीन टिपणात कश्मीराच्या सवलतीची नोंद होती, तरीही अर्ज फेटाळला गेला.

फेब्रुवारी १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हरबन्सची फाशी जन्मठेपेत बदलावी अशी शिफारस राष्ट्रपतींकडे केली आणि तुरुंग अधीक्षकांवर नवी जबाबदारी टाकली. फाशी देण्यापूर्वी सहआरोपींपैकी कोणाची फाशी रद्द झाली आहे का, याची खातरजमा अधीक्षकाने स्वतः करायची. झाली असेल तर वरिष्ठांना कळवायचे आणि त्यांनी ते न्यायालयाच्या कानावर घालायचे.

या गोंधळाचे मूळ कायद्याच्या रचनेतच आहे. दोष सामुदायिक ठरतो, शिक्षा मात्र माणसागणिक. भारतीय दंड संहितेच्या कलम ३४ नुसार समान उद्देशाने केलेल्या कृत्याला प्रत्येक जण जणू एकट्याने केल्यासारखाच जबाबदार. हेच आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) मध्ये आहे. १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिशकाळातील सर्वोच्च अपील न्यायालय) बारेंद्रकुमार घोष खटल्यात हे पक्के केले: पोस्टमास्तरवर गोळी झाडणारे दुसरे असले, तरी दाराबाहेर उभा असलेलाही खुनीच.

शिक्षेवर वेगळी सुनावणी आली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम २३५(२) ने. पण दोषी ठरवल्याच्या दिवशीच ती उरकली, तर सगळ्यांसाठी एकच परिच्छेद लिहिला जातो: वय कमी, घरचा एकटा कमावता, पहिलाच गुन्हा. कोण कितपत गुंतला होता हे त्यात दिसत नाही. मग अपिलात एकाची शिक्षा कमी झाली की दुसऱ्याची का नाही, याचे उत्तर निकालपत्रात सापडत नाही. २००३ च्या मलिमठ समितीने शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे सुचवली होती; तसा कायदा अजून झालेला नाही.

प्रत्येक तफावत अन्याय्य नसते, हेही खरे. माफीचा साक्षीदार सुटतो तो कायद्यानेच. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालील आरोपीला तुरुंगात पाठवायचे तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवण्याचा कायदा) कलम ६ नुसार कारणे नोंदवावी लागतात आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये याकूब मेमनची फाशी कायम ठेवली आणि प्रत्यक्ष स्फोटके ठेवणाऱ्या १० जणांची जन्मठेपेत बदलली. कट रचणारे धनुर्धर आणि बाकीचे नुसते बाण, असा तो फरक होता. पटो न पटो, कारण लिहिलेले आहे आणि वरच्या न्यायालयाला तपासता येते.

सारख्याच दोषाच्या सहआरोपींना सारखीच शिक्षा, याला वकिलांच्या बोलीत ‘पॅरिटी’ म्हणतात. ती मागताना नुसते ‘सहआरोपीला सूट मिळाली’ म्हणून भागत नाही. त्याच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडावी लागते आणि हत्यार, जखमा, पूर्वीचे गुन्हे, भोगलेली कैद यांत आपला आरोपी त्याच्याच पंगतीत बसतो हे दाखवावे लागते. अपील न केलेल्यालाही हा लाभ देता येतो, मात्र पुरावा दोघांविरुद्ध सारखाच हवा. राजीव गांधी हत्या खटल्यात पेरारिवलन मे २०२२ मध्ये सुटला. त्याचाच दाखला देऊन उरलेल्या सहा जणांच्या सुटकेचा आदेश ११ नोव्हेंबरला झाला.