वन्यजीव छायाचित्रण : नाशिक परिसरातील तंत्र

प्राणी, पक्षी, कीटक, रानफुले यांची छायाचित्रे त्यांच्या मूळ अधिवासात आणि त्यांच्या दिनक्रमात व्यत्यय न आणता घेणे, म्हणजे निसर्ग व वन्यजीव छायाचित्रण. आमिष टाकून किंवा ध्वनिमुद्रित साद वाजवून जवळ ओढलेला पक्षी कितीही सुबक टिपला, तरी तो या व्याख्येत बसवू नये. नाशिक जिल्ह्यात या छंदासाठी तीन अगदी निराळ्या भूमी आहेत : नांदूरमध्यमेश्वरचे उथळ पाणी, येवला तालुक्यातील ममदापूरचे माळरान आणि त्र्यंबक रांगेतील अंजनेरीचे कातळ. प्रत्येकीचे तंत्र वेगळे आहे. मात्र फोटो बिघडण्याचे कारण तिन्ही ठिकाणी बहुधा एकच असते. लेन्स लहान असते म्हणून नव्हे, तर माणूस चुकीच्या जागी उभा असतो म्हणून फोटो फसतो.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी पहिला कथापट काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडीथोडी करून चित्रित केली होती आणि ती वेल पडद्यावर भराभर उगवताना दाखवली होती. कॅमेरा एका जागी रोवायचा आणि रोपाला त्याच्या गतीने वाढू द्यायचे, ही बैठक नाशिककरांना तशी नवी नाही.

नांदूरमध्यमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि त्यातून उथळ पाणी, बेटे, दलदल असे पाणथळ क्षेत्र तयार झाले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ. छायाचित्रकाराला या गाळाचा थेट फायदा होतो. पाणी खोल नसल्याने चित्रबलाक, शेकाट्या, तुतारी असे चालत चरणारे पक्षी काठालगत येतात. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. मनोऱ्यावरून थवे छान दिसतात, मोजदादही होते, पण तिथून काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि मागे मातकट पाणी एवढेच येते. प्रस्तुत लेखकाने पहिले दोन हिवाळे मनोऱ्यावर काढले आणि चक्रवाकांच्या पाठींचा मोठा संग्रह जमवला.

कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणला की चित्र बदलते. मागची पाणवनस्पती दूर जाऊन धूसर होते, पाण्यातले प्रतिबिंब पूर्ण मिळते आणि पक्षी मोठा वाटतो. त्यासाठी परवानगी असलेल्या वाटेवरच, काठाशी बसावे किंवा पालथे पडावे. तिपाईपेक्षा तांदूळ भरलेली कापडी पिशवी बरी पडते. जमिनीवर, बांधावर, गाडीच्या खिडकीत, कुठेही ती बसते आणि चारशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स तिच्यावर स्थिर राहते.

बसायची जागा ठरवताना आधी वारा पाहावा. पाणपक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे ठेवतात. वारा आपल्या पाठीमागून येत असेल तर उडणारा पट्टकादंब आपल्याकडे तोंड करून येतो, आणि वारा समोरून असेल तर फक्त शेपटी मिळते. हिवाळ्यात सकाळचा वारा पूर्वेकडचा असला की सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी घेता येतात. अशा सकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसावे. उड्डाणासाठी शटर १/२००० सेकंदाच्या आसपास लागते. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना) १६०० किंवा ३२०० करावा लागला तर करावा. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला सुधारत नाही. थवा कधी उठणार याचीही पूर्वसूचना मिळते. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून फिरू लागला की बदके माना उंच करतात, एकमेकांजवळ सरकतात आणि मग एकदम उठतात. कॅमेरा तेव्हाच डोळ्याला लावलेला हवा.

जवळून पाहण्याजोगा धडा कवड्या खंड्या देतो. हा काळा-पांढरा धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो. शरीर हलते, पण डोके खिळा ठोकल्यासारखे स्थिर राहते. ते दोन-तीन सेकंद फोकस डोळ्यावर धरायला पुरतात. पंख मिटले की तो सूर मारतो. शटर त्या क्षणी दाबले तर उशीर होतो, म्हणून फडफड चालू असतानाच सलग फोटो घेणे सुरू करावे. सूर मारताना त्याच्यामागे लेन्स फिरवणे बहुतेकांना जमत नाही. मासा घेऊन तो ज्या खुंटावर परततो तो खुंट आधीच पाहून ठेवलेला असला, तर मासा आपटतानाचे दृश्य सोपे होते आणि बहुधा तेच चांगले निघते.

उजेड मोजण्याचा सराव वारकरी नावाचा पाणपक्षी आणि बगळा यांच्यावर करावा. वारकरी अंगाने काळा, कपाळावर पांढरा टिळा. बगळा पूर्ण पांढरा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे गडद पाण्यावरचा बगळा पिसे न दिसणारा पांढरा डाग होतो आणि चमकत्या पाण्यावरचा वारकरी कोळसा होतो. पहिल्यासाठी कॅमेऱ्यातली उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ किंवा उणे १ ठेवावी, दुसऱ्यासाठी तितकीच अधिक. दोघे एका चौकटीत आले तर बगळ्याची पिसे वाचवावीत, कारण रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत) सावलीतला तपशील बऱ्याच अंशी परत मिळतो, जळालेला पांढरा मिळत नाही.

निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर धुके असते आणि समोरच्या भिंगावर दव बसते. कोरडे सुती फडके खिशात ठेवावे. गार कॅमेरा उबदार घरात नेताना बॅगेतच बंद ठेवावा. धुक्यात ऑटोफोकस चाचपडतो, पण उगवत्या उन्हाविरुद्ध धुक्यातून जाणाऱ्या थव्याचे छायारूप चित्र दुसऱ्या कुठल्या ऋतूत मिळत नाही.

ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रात काळवीट हा मुख्य विषय. येथे अडचण हवेची असते. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत वर जाते आणि दूरचे काळवीट पाण्यातून पाहिल्यासारखे दिसते. हा दोष कितीही महागड्या लेन्सने जात नाही. उपाय दोनच : सूर्योदयानंतरचा तास-दीड तास गाठायचा, नाहीतर अंतर कमी असेल तेव्हाच फोटो घ्यायचा. अंतर मात्र आपण चालून कमी करायचे नसते. कळप गाडीला बराच सरावतो, पण उभा माणूस दिसला की पळतो. इंजिन बंद करून, खिडकीत पिशवी ठेवून थांबावे. चरणारी हरणे माना वर करून एकटक पाहू लागली तर आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजावे. उन्हाळ्यात पाणवठ्यावर हमखास प्राणी येतात, म्हणून अगदी पाण्याशी ठाण मांडणारे लोक असतात. तहानलेल्या जनावराला अडवून काढलेला फोटो न काढलेला बरा.

अंजनेरीला पावसाळ्यात वेगळेच काम असते. येथील कातळउतारांवर अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी एक दुर्मीळ खर्चुडी उगवते. तिचे कंदिलासारखे फूल बोटाच्या पेरांत मोजण्याएवढे असते आणि वारा त्याला क्षणभर स्थिर राहू देत नाही. इतक्या जवळून फोकसची खोली काही मिलिमीटरच असते, त्यामुळे लेन्सचे छिद्र लहान, एफ/८ ते एफ/११, आणि फुलाच्या मुखाला समांतर कॅमेरा. वाऱ्याच्या बाजूला आपणच आडोसा करून बसावे. ऊन कडक असेल तर पांढरी छत्री वर धरली की सावली मऊ होते. पार्श्वभूमी स्वच्छ हवी म्हणून भोवतीचे गवत उपटणे ही सर्रास दिसणारी खोड आहे. त्या गवतातच शेजारचे रोप असते, आणि ते फुलावर नसले तर ओळखूही येत नाही. गुडघा टेकण्याआधी खाली पाहावे. एसी गाडीतून थेट दमट हवेत काढलेला कॅमेरा दहा-पंधरा मिनिटे धुरकट राहतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात एसी बंद करतात.

पावसाच्या तोंडावर घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला गर्दी होते. त्यासाठी तिपाई, लेन्सचे पूर्ण उघडलेले छिद्र, प्रत्येकी १५ ते ३० सेकंदांचे अनेक फोटो आणि नंतर त्यांची एकत्र जुळणी असे तंत्र वापरतात. काजव्यांचे लुकलुकणे हे नर-मादीचे संकेत असतात. मोबाइलच्या विजेऱ्या लागल्या की तो संवाद तुटतो आणि फोटोही वाया जातो.

बिबट्याचा उल्लेख टाळता येत नाही. निफाड-सिन्नरकडच्या उसात त्याचा वावर असतो आणि कधीतरी तो शहरातही शिरतो. अशा वेळी मोबाइल घेऊन धावणाऱ्या गर्दीचा या नोंदीच्या विषयाशी संबंध नाही. बिथरलेले जनावर आणि सुटकेसाठी आलेले वन कर्मचारी, दोघांचाही धोका ती वाढवते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातील छायाचित्रणाला परवानगी लागते, आणि ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. घरट्याचे, पिलांचे आणि दुर्मीळ वनस्पतींचे फोटो इतरांना पाठवण्याआधी फाइलमधली स्थाननोंद काढून टाकावी. मोबाइलने काढलेल्या फोटोत ती बहुतेक वेळा आपोआप आलेली असते.