रोख मदत एकदम मिळणं आणि दरमहा मिळणं: बेरीज तीच, काम वेगळं

पुरात गोठा वाहून गेलाय आणि चार शेळ्यांपैकी एकच उरलीय, अशा एका कुटुंबाची कल्पना करा. बियाणं भिजलंय, घराची भिंत खचलीय, पेरणी दोन महिन्यांवर आलीय. या कुटुंबाला सामान नव्हे, पैसेच द्यायचे असं ठरलं. कोणी म्हणेल, सगळी रक्कम आजच हातात द्या. कोणी म्हणेल, चोवीस भाग करा आणि दर महिन्याला एक द्या, म्हणजे उधळले जाणार नाहीत. कागदावर बेरीज दोन्हीकडे तीच येते, आणि अहवालात दोन्हींचं नावही एकच असतं: थेट रोख मदत.

गोंधळ इथूनच सुरू होतो. पहिल्या घरात तो पैसा भांडवल म्हणून येतो, दुसऱ्या घरात मिळकत म्हणून. आणि मग मिळकत दिलेल्या घराला विचारलं जातं, ‘दोन वर्षं पैसे घेतलेत, मग धंदा का नाही उभा केला?’ भांडवल दिलेल्या घराला विचारलं जातं, ‘एवढी रक्कम दिली होती, मग सहा महिन्यांनी पुन्हा हात रिकामे कसे?’ दोन्ही प्रश्न चुकीच्या दारावर जाऊन विचारलेले असतात.

साधी गोष्ट आहे: अर्धी शेळी विकत मिळत नाही. शिलाई मशीनचा एक चोविसांश भाग या महिन्यात आणि पुढचा पुढच्या महिन्यात, असंही घेता येत नाही. उपजीविका ज्या वस्तूंवर उभी राहते, त्यातल्या बऱ्याच अशा अख्ख्याच घ्याव्या लागतात. दरमहाच्या थोड्या पैशातून त्या घ्यायच्या तर साठवावं लागतं, आणि तंगीतल्या घरात पैसा साठत नाही. साठवायला घेतला की कोणाला तरी ताप येतो, उसने दिलेला माणूस दारात येतो, शाळेचं काहीतरी निघतं. यात उधळेपणा कुठेच नाही. खर्च खरेच असतात, आणि पैसा समोर दिसत असताना ते टाळता येत नाहीत.

एकरकमी मदत ही साठवणीची पायरीच गाळून टाकते. आज पैसे आले, आठवड्याभरात दोन गाभण शेळ्या दावणीला.

मग दरमहाची मदत कमी प्रतीची का? अजिबात नाही, आणि इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण तिचं काम डोळ्यांना दिसत नाही. ती काही उभं करत नाही, ती मोडणं थांबवते. त्या घरातली उरलेली एक शेळी बघा. पुढच्या महिन्यात घरात खायला नसेल तर ती विकली जाणार, आणि तीही पडेल भावात, कारण पुरानंतर सगळं गावच जनावरं विकायला काढतं. थोडं बियाणं वाळवून ठेवलं असेल तर ते दळलं जाणार. पेरणी कशीबशी झालीच, तर ऐन खुरपणीच्या दिवसांत घरातली धडधाकट माणसं दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाणार, कारण संध्याकाळी रोकड तिथेच मिळते. स्वतःच्या रानात तोवर तण माजतं. सुगीला पीक कमी येतं आणि पुढच्या वर्षीची तंगी महिनाभर आधीच येऊन उभी राहते. गरिबी वाढते ती बहुतेक वेळा या वाटेने. दरमहा येणारे थोडे पैसे ही घसरण अडवतात. शेळी वाचते, बियाणं वाचतं, माणूस आपल्याच शेतात राहतो. पण ‘विकली न गेलेली शेळी’ असा रकाना कुठल्या अहवालात असतो?

दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचं काम सगळ्यात नीट झालं ते केनियात. पश्चिम केनियातल्या रारिएडा भागात 2011 मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगात गिव्हडायरेक्टली या संस्थेने गवती छपराच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांना मोबाइलवरून पैसे पाठवले. काहींना रक्कम एकदम, काहींना महिन्याच्या हप्त्यांनी, आणि कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. दरमहा पैसे मिळालेल्या घरांत जेवणाची शाश्वती वाढली होती. एकदम मिळालेल्या घरांत टिकाऊ वस्तू जास्त आल्या होत्या. मदत मिळालेल्या बऱ्याच घरांवर गवताच्या जागी पत्रे चढले.

पत्रे म्हटलं की पुष्कळांना वाटतं, घेतली हौस भागवून. पण गवती छप्पर वरचेवर शाकारावं लागतं. गवत आणायचं, माणसं लावायची, पुन्हा पावसाळ्यात ते गळणारच. पत्रा एकदा टाकला की हा खर्च वर्षानुवर्षं टळतो. तो खर्च गरिबाला आधीही कळत होता. पत्र्यांना लागणारी रक्कम एकगठ्ठा कधी हातात आली नव्हती, एवढंच.

यापुढचा प्रयोग मोठा होता आणि त्यातून निघालेली गोष्ट अनपेक्षित. 2018 पासून केनियातल्या जवळपास दोनशे गावांत सगळ्या प्रौढांना पैसे सुरू झाले. एका गटातल्या गावांना माणशी सुमारे 500 डॉलर एकदम. दुसऱ्या गटाला महिन्याला साधारण साडेबावीस डॉलर, दोन वर्षं. तिसऱ्या गटालाही महिन्याला तेवढेच, पण बारा वर्षं मिळतील असा शब्द. आणखी शंभर गावं तुलनेसाठी मदतीविना. उशिरा हातात येणाऱ्या पैशाचं मोल थोडं कमी धरलं तर पहिल्या दोन्ही गटांची रक्कम जवळपास सारखीच पडेल असा हिशोब मुद्दाम केलेला होता. अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी, पॉल नीहाउस वगैरे संशोधकांनी 2023 मध्ये पहिली दोन वर्षं संपेपर्यंतचे निष्कर्ष मांडले. एकदम पैसे मिळालेल्या गावांत छोटे धंदे वाढले आणि त्यांची कमाईही वाढली. दोन वर्षांच्या मासिक मदतीत ते फारसं दिसलं नाही. तिथे पैसा जास्त करून खाण्यापिण्यात आणि घरच्या गरजांत गेला. इथवर सगळं वर सांगितल्यासारखंच. पण बारा वर्षांच्या गटात? त्यांच्या हातात तोवर पडलेले पैसे दोन वर्षांच्या गटाइतकेच होते. दर महिन्याची रक्कम तीच, दिवस तेवढेच. तरीही त्यांनी धंदे उभे केले, एकरकमीवाल्यांसारखेच.

याचं उत्तर सापडलं भिशीत. ओळखीच्या माणसांनी दर महिन्याला ठरावीक पैसे एकत्र करायचे आणि पाळीपाळीने एकेकाने सगळा गल्ला उचलायचा, हे तिथेही चालतं. पुढची दहा वर्षं पैसे येणारच आहेत हा भरवसा असलेल्यांनी भिशीत जास्त पैसे टाकले आणि आपल्या पाळीला मोठी रक्कम उचलली. दरमहाच्या पैशातून त्यांनी स्वतःच एकरकमी पैसा बनवला. दोन वर्षांच्या गटातल्या माणसाला पुढे काय ते माहीत होतं: पैसे थांबणार. त्याने हात आखडता घेतला तर त्यात नवल काय?

खरं तर पगारदार माणूस हेच रोज करतो, फक्त त्याच्या लक्षात येत नाही. घर असो की गाडी, तो हप्त्याने घेतो, म्हणजे दरमहाच्या पैशाची एकरकमी रक्कम करून घेतो. ती करून द्यायला त्याच्यासाठी बँक बसलेली असते आणि बँक बघते ती पगाराची शाश्वती. गावातल्या भूमिहीन बाईला ही सोय नसते. तिच्याकडे सावकार असतो, आणि सावकार ज्या व्याजाने ही अदलाबदल करून देतो त्यात धंद्याचा नफाच गिळला जातो. म्हणून गरिबाच्या बाबतीत ‘एकदम की दरमहा’ हा प्रश्न एवढा कळीचा होतो.

भरवशाचा हा मुद्दा केनियापुरता नाही. मेक्सिकोत 1997 मध्ये प्रोग्रेसा ही योजना सुरू झाली. मुलं शाळेत आणि घरचे दवाखान्यात तपासणीला गेले की दर दोन महिन्यांनी आईच्या हातात पैसे. योजना काही धंद्यासाठी नव्हती. तरी पुढे अभ्यासात दिसलं की मिळालेल्या शंभरातले चौऱ्याहत्तर खर्च होत होते आणि सव्वीस जनावरं, शेती अशा कमावत्या गोष्टींत जात होते; दीड वर्षात शेतीचं उत्पन्न जवळपास दहा टक्क्यांनी वाढलं. झांबियात 2010 मध्ये लहान मुलं असलेल्या घरांसाठी सुरू झालेल्या अनुदानातही तसंच झालं. पैसे मुलांसाठी दिले होते, पण त्या घरांकडे जनावरंही वाढली. पैसे वेळेवर येतात असं एकदा पटलं की माणूस ते पुढे लावायला लागतो. उलट, तीन महिने हप्ता चुकला, मग एकदम दोन आले, पुन्हा बंद, असं चाललं तर त्याला मासिक मदत म्हणण्यातही अर्थ नाही. ती ना भांडवल, ना मिळकत, लॉटरीच.

आता एक फसवी गोष्ट. सगळ्याच एकदाच दिलेल्या रकमा भांडवल नसतात. जुलै 2020 मध्ये बांगलादेशात यमुना नदीला मोठा पूर येणार असा अंदाज आला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने सुमारे 23 हजार कुटुंबांना पूर शिगेला पोहोचण्याआधीच प्रत्येकी 4,500 टाका (तिथलं चलन) मोबाइलवर पाठवले. रक्कम एकदाच दिलेली, पण काम भांडवलाचं नव्हे, घसरण अडवण्याचं: अन्न भरून ठेवणं, जनावरं उंचावर हलवणं. त्या पैशातून नवा धंदा निघेल अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे छत्रीकडून छपराची अपेक्षा ठेवणं. एकदाच दिले की हप्त्याने, यासोबत रक्कम किती आणि कधी हेही बघावं लागतं. पाणी ओसरल्यावर दोन महिन्यांनी आलेले तेच पैसे शेळी विकून झाल्यावर आलेले असतात.

‘पैसे दिले की दारूत जातात’ या आक्षेपावर फार शाई घालवण्याची गरज नाही. जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोव्हा यांनी 2014 मध्ये जगभरातले 19 अभ्यास तपासले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं एकंदरीत दिसलं नाही. ‘लोक काम सोडून बसतील’ या शंकेलाही केनियाच्या प्रयोगात आधार मिळाला नाही. काही माणसं मजुरी कमी करून स्वतःच्या धंद्याकडे वळली, एवढंच.

महागाईची शंका मात्र खरंच विचारण्यासारखी आहे. एका गावात एकदम एवढे पैसे ओतले तर भाव चढणार नाहीत का? शेजाऱ्याला मदत मिळाली नाही, त्याचं यात मरण नाही का? याचीही तपासणी झाली आहे. केनियातल्याच सियाया परगण्यात 653 गावांत पसरलेल्या प्रयोगात साडेदहा हजारांवर गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे 1,000 डॉलर दिले गेले. भाववाढ सरासरी 0.1 टक्का, म्हणजे जवळजवळ नाहीच. आणि बाहेरून आलेला प्रत्येक डॉलर स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची भर घालून गेला, मदत न मिळालेल्या शेजाऱ्यांचाही खर्च वाढला. अशा गावात दुकानदार बराच वेळ गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला असतो, गिरणी अर्धा दिवस बंद असते. गिऱ्हाईक वाढलं तर तो भाव न वाढवता जास्त माल विकतो.

एवढं सांगून झाल्यावर एकरकमी मदतीची दुसरी बाजू झाकून ठेवायला नको. उत्तर युगांडात 2008 मध्ये सरकारने तरुणांच्या गटांना धंद्यासाठी माणशी सरासरी 382 डॉलर दिले. चार वर्षांनी त्यांची कमाई मदत न मिळालेल्यांपेक्षा 38 टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी पाहिलं तर तो फरक जवळपास मिटला होता. यांचं काही बुडालं नव्हतं. बाकीच्यांनी हळूहळू पैसे जमवून त्यांना गाठलं होतं. म्हणजे त्या रकमेने उडी आधी मारायला मिळाली. ही काही छोटी गोष्ट नाही. मधल्या वर्षांत ज्या मुलांचं बालपण गेलं त्यांच्यासाठी तर नाहीच. पण रक्कम दिली आणि घर कायमचं वर आलं, असंही नाही. आणि पैशाने बाजारापर्यंतचा रस्ता होत नाही, जनावरांचा डॉक्टर येत नाही. शेळी आजारी पडून मेली तर भांडवलही तिच्याबरोबर जातं.

मला स्वतःला या सगळ्यात सगळ्यात शहाणी वाटते ती बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने 2002 मध्ये अतिगरीब बायांसाठी आखलेली पद्धत. तिथे एकरकमी मदत रोख नव्हे, थेट गाय किंवा शेळ्यांच्या रूपात दिली जाते, पण तिच्यासोबत काही महिने खर्चाला थोडे थोडे पैसेही दिले जातात, शिवाय जनावर सांभाळायचं शिक्षण आणि घरी येऊन विचारपूस करणारी व्यक्ती. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत याच धर्तीवर केलेल्या कामाचे निष्कर्ष 2015 मध्ये आले: योजना संपून वर्ष झाल्यावरही एकंदरीत ही घरं मदत न मिळालेल्या घरांपेक्षा बरं खात होती, जास्त कमावत होती. त्यातला कुठला भाग किती उपयोगी पडला यावर वाद घालता येईल. पण गाय दिल्यावर ती दूध द्यायला लागेपर्यंत मध्ये काही महिने जातात, आणि त्या महिन्यांतही घरात चूल पेटावी लागते. ते थोडे थोडे पैसे त्या मधल्या दिवसांसाठी असतात, गाय विकावी लागू नये म्हणून.