सरपणाची मोळी आणि इतिहासाची उपपत्ती

भौतिकवाद म्हणजे चंगळवाद, हा समज इतका रुळला आहे की ‘ऐतिहासिक भौतिकवाद’ म्हटले की सुशिक्षित माणूसही नाक मुरडतो. वास्तविक ही उपपत्ती वेगळेच विचारते: समाजात अन्न, वस्त्र, इंधन कोण कोणत्या साधनांनी निर्माण करतो, त्या साधनांवर मालकी कोणाची, आणि तेथील कायदे व कल्पना यांच्याशी त्याचा संबंध काय?

तिचा उगम शोधताना लोक लंडनच्या ग्रंथालयात शिरतात. मला मात्र जर्मनीतल्या ऱ्हाईन प्रांतातले जंगल महत्त्वाचे वाटते. 1842 साली चोवीस वर्षांचा कार्ल मार्क्स कोलोन येथील एका वृत्तपत्राचा संपादक होता. गळून पडलेल्या काटक्या गोळा करणे हा गोरगरिबांचा जुना वहिवाटीचा हक्क. पण लाकडाला भाव आल्यावर जमीनदारांच्या प्रांतिक सभेने त्यालाही चोरी ठरवण्याचा घाट घातला. मार्क्सने लिहिले की, सापाचा टाकलेल्या कातीशी जेवढा संबंध, तेवढाच झाडाचा वाळक्या फांदीशी. खरी मेख पुढे आहे. चोरीच्या लाकडाची किंमत ठरवणार मालकाच्याच पदरी असलेला वनरक्षक, आणि भरपाईखेरीज दंडाची रक्कमही मालकालाच मिळणार! म्हणजे शिक्षा ही सरकारची न राहता मालकाच्या उत्पन्नाची बाब झाली, आणि जितक्या चोऱ्या तितका त्याचा लाभ वाढणार.

तेव्हा मार्क्सची तक्रार एवढीच होती की खासगी स्वार्थाने राज्यसंस्थेला वाकवले. ती का वाकते, हा प्रश्न त्याने 1843 मध्ये वृत्तपत्र बंद पडल्यावर, जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचे राज्यविषयक विचार पुन्हा तपासताना हाती घेतला. आणि कायद्याची मुळे कायद्यात नसून जगण्याच्या भौतिक परिस्थितीत असतात, या निष्कर्षाला तो पोचला. 1859 मध्ये त्याने स्वतःच हा प्रवास नोंदवला आहे. शिकार, पशुपालन, शेती, व्यापार अशा उपजीविकेवरून ठरणाऱ्या समाजाच्या चार अवस्था अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने ग्लासगोत आधीच शिकवल्या होत्या, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या मार्क्सला देता येत नाही. मार्क्सचा सहकारी एंगल्स तर मँचेस्टरच्या सूतगिरणीतून त्याच निष्कर्षाला येऊन पोचला.

या उपपत्तीचे पंचांग करून क्रांतीचा मुहूर्त काढणारे पुढे पुष्कळ निघाले. आर्थिक घटक हाच एकमेव निर्णायक मानणे म्हणजे मूळ विधान निरर्थक करणे, असे एंगल्सने 1890 मध्ये एका पत्रात बजावले होते. मार्क्स आणि एंगल्स दोघांनी 1845-46 मध्ये ब्रुसेल्सला लिहिलेल्या मोठ्या हस्तलिखिताला प्रकाशक मिळाला नाही आणि, मार्क्सच्याच शब्दांत, ते उंदरांच्या कुरतडणाऱ्या टीकेच्या स्वाधीन झाले. ते पूर्ण छापले गेले 1932 साली. तोवर या उपपत्तीवरचे कितीतरी वाद ते न वाचताच झडून गेले होते.