आधाराच्या चाकांनी तोल येत नाही

सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी छोटी चाके लावली की घाबरणारे मूल हळूहळू तोल शिकते, हा समज कोकणातही घरोघरी आहे. तो बरोबर नाही. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवल्याने चाके पुन्हा भाराखाली येतात आणि तोल सावरतो, पण आधाराची चाके तिला कलूच देत नाहीत. त्याऐवजी दोन्ही पेडल काढावीत (डाव्याचे आटे उलटे असतात, हे विसरणारे उगाच पान्याशी झटतात) आणि तळपाय पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यावी. दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी घट्ट झालेल्या ओल्या वाळूत, मूल पायांनी ढकलता ढकलता आपणच पाय उचलू लागते. नंतर चेन मात्र गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तिला तेल द्यावे.