आर्लमधलं रिंगण आणि आर्लमधलं नाट्यगृह: दोन मिनिटांच्या अंतरावरच्या दोन रोमन वास्तू

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात, ऱ्होन नदीपासून जरा वर चढून गेलं की उंचवट्यावर दोन रोमन वास्तू लागतात. एकीपासून दुसरीपर्यंत चालत जेमतेम दोन मिनिटं. दोन्हींत दगडी पायऱ्यांच्या बैठका, दोन्ही उघड्या आभाळाखाली, दोन्ही दोन हजार वर्षांच्या आसपासच्या, आणि दोन्हींत आजही कार्यक्रम होतात. एक अँफिथिएटर, दुसरं थिएटर. आपल्याकडे कॉलेजच्या आवारातल्या अर्धगोल पायऱ्यांनाही सर्रास अँफिथिएटर म्हणतात, त्यामुळे मराठी प्रवाशाची गल्लत जरा जास्तच होते. बहुतेक जण मोठी वास्तू मन लावून बघतात, धाकटीत डोकावून ‘हे त्यातलंच एक’ म्हणून पुढे जातात. माझ्या मते आर्लमध्ये होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, कारण या दोन वास्तू एकमेकींच्या शेजारी ठेवून बघितल्या तरच त्या गावाची गोष्ट कळते.

आधी आकार बघू, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. थिएटर म्हणजे अर्धं वर्तुळ. त्याच्या सरळ बाजूला रंगमंच आणि रंगमंचामागे उंच, सजवलेली भिंत. सगळे प्रेक्षक एकाच दिशेला तोंड करून बसणार. अँफिथिएटर पूर्ण लंबगोल असतं. मधे रिंगण आणि भोवती चहूबाजूंनी माणसं. भिंत नाही, विंग नाही, मागची बाजू म्हणून काही नाहीच. आर्लचं रिंगणवालं बांधकाम सुमारे १३६ मीटर लांब आणि १०७ मीटर रुंद आहे. त्यात वीस हजारांच्या आसपास माणसं बसत. थिएटरचा व्यास सुमारे १०२ मीटर आणि माणसं दहा हजार.

कोल्हापूरकराला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोसियम पाहून आले आणि त्यातून खासबाग मैदान उभं राहिलं. त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ साली तयार झालं. (ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत सापडलं, त्याची हळहळ अजून ओसरलेली नाही.) मैदानात कुठल्याही बाजूला बसा, लाल मातीतली कुस्ती दिसतेच. नाटक तिथे लावायचं म्हटलं तर नटाने तोंड कुणाकडे करायचं? रोमन माणसानेही हाच विचार केला होता. नाटकाला शब्द ऐकू यावे लागतात, म्हणून अर्धं वर्तुळ आणि आवाज प्रेक्षकांकडे परतवणारी भिंत. झुंजीला ऐकण्यासारखं काही नसतं, ती दिसली पाहिजे, म्हणून पूर्ण लंबगोल.

आता वय. ‘दोन्ही रोमन’ म्हणून आपण त्यांना एका काळातल्या समजतो, पण मधे सुमारे शंभर वर्षं आहेत. सीझर आणि पाँपे या रोमन सेनापतींच्या यादवीत शेजारचं मार्सेय सीझरच्या विरोधात गेलं, तर आर्लने त्याला युद्धनौका बांधून दिल्या. त्याचं बक्षीस म्हणून इ.स.पू. ४६ मध्ये सीझरच्या सहाव्या लीजनमधल्या, म्हणजे सैन्यदलातल्या, निवृत्त सैनिकांची वसाहत इथे वसवली गेली. थिएटर त्यानंतर लवकरच आलं, पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस. रिंगण आलं इ.स. ९० च्या सुमारास, रोमचं कलोसियम उघडल्यावर दहाएक वर्षांनी. म्हणजे नव्या वसाहतीने आधी बांधलं ते नाट्यगृह. रोमन व्हायचं तर लॅटिन ऐकायला बसायचं, आणि समोरच्या भिंतीत सम्राट उभा असणार. इथे ऑगस्टसचा अवाढव्य पुतळा होता. त्याचं धड १७५० साली सापडलं आणि डोकं १८३४ साली. एवढ्या मोठ्या पुतळ्यासमोर बसून विनोदी नाटक बघणाऱ्याला सत्ता कुणाची आहे हे वेगळं सांगावं लागत नसेल.

रिंगणातला पैसा वेगळ्या तऱ्हेचा होता. रिंगणाभोवतीच्या कठड्यावर प्रिस्कस नावाच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याचा लेख मिळाला आहे. त्याने हा कठडा करून दिला, नेपच्यून या समुद्रदेवाची चांदीची मूर्ती आणि काशाचे चार पुतळे दिले, शिवाय खेळ आणि मेजवानीही. पुढाऱ्याने गावजेवण घालून त्याचा फलक लावायची रीत फार जुनी आहे.

पण खरा फरक इथून पुढे सुरू होतो, रोमन सत्ता गेल्यानंतर. दोन्ही वास्तूंचं मूळ काम संपलं होतं. एक वाचली, एक गेली. का?

थिएटरवर पहिला घाव पाचव्या शतकातच पडला. बिशप हिलरी यांच्या काळात सिरिलस नावाचा डीकन, म्हणजे चर्चचा कनिष्ठ धर्माधिकारी, चर्चसाठी थिएटरचा संगमरवर काढून नेत होता. ते करताना दगड पडून त्याचा पाय चिरडल्याची नोंद हिलरींच्या चरित्रात आहे. चर्चचा नाटकांवर राग होताच, पण केवळ रागामुळे एवढी मोठी इमारत नाहीशी होत नाही. थिएटरमध्ये दूरवरून आणलेला संगमरवर होता, घडवलेले खांब होते, हाताशी तयार माल होता. गावात काहीही बांधायचं निघालं की लोक इथे यायचे. मागच्या भिंतीवरचे खांब एकेक करून गेले आणि शेवटी दोन उरले. गावकरी त्यांना ‘दोन विधवा’ म्हणतात. पुढे त्या जागेवर घरं झाली, मठ झाला, आणि खाली थिएटर होतं हेही लोक विसरले. १६५१ साली विहीर खणताना व्हीनस या रोमन देवीची मूर्ती हाती लागली. ती १६८३ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भेट दिली गेली. त्याच्या दरबारी शिल्पकाराने, जिरार्दोंने, तिला नवे हात बसवले, एका हातात सफरचंद दिलं, आणि ती व्हर्सायला गेली. आज ती लूव्र संग्रहालयात आहे. पॅरिसला जाऊन ‘आर्लची व्हीनस’ बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ती या थिएटरच्या सजावटीतली आहे आणि तिचे हात सतराव्या शतकातले आहेत.

रिंगणाचं उलटं झालं. त्याला सजावट कमी आणि भिंती जाड. परिसरातल्या चुनखडीच्या दगडाच्या दोन मजली कमानी, प्रत्येक मजल्यावर साठ. रोमन फौज गेली, लुटारू टोळ्यांची भीती आली, तेव्हा गावाला हा तयार किल्ला मिळाला. लोकांनी कमानी बुजवल्या, वर बुरूज चढवले आणि आत राहायला गेले. मध्ययुगात आणि त्यानंतरही या लंबगोलाच्या पोटात दोनशेच्या वर घरं, मधे चौक आणि दोन छोटी चर्चं होती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे पाळणे हलले, तिरड्या निघाल्या. ही घरं पाडायला १८२५ मध्ये सुरुवात झाली, आणि १८३० साली रिंगणात पुन्हा बैलांचा खेळ झाला.

मला यात आनंद आणि खंत दोन्ही वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या मंडळींना शुद्ध रोमन वास्तू हवी होती, म्हणून त्यांनी हजार वर्षांचं वस्तीचं गाव झाडून काढलं. ते गाव आत राहत होतं म्हणून तर भिंती उरल्या होत्या! त्या वस्तीच्या खुणांमध्ये आता चारांपैकी तीन बुरूज शिल्लक आहेत. त्यांतल्या एकावर चढता येतं. वरून गावाची कौलं, ऱ्होनचं वळण आणि खाली रिंगण असं सगळं दिसतं. तो बुरूज रोमन नाही, मध्ययुगीन आहे, हे चढताना लक्षात ठेवा. दगडाचा रंग तोच असल्यामुळे डोळा फसतो.

प्रत्यक्ष गेल्यावर नजर कुठे टाकायची, तेही सांगतो. रिंगणात शिरल्याशिरल्या बैठकांकडे धावू नका. बाहेरच्या कमानींच्या आतून गोल फिरणारा बोळ आहे, त्यात थांबून मान वर करा. रोमन इमारतीत तिथे कमानदार छत असेल असं वाटतं. इथे प्रचंड सपाट दगडी लाद्या आडव्या टाकल्या आहेत, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. ही ग्रीक वळणाची पद्धत, आणि हा प्रदेश रोमच्या आधी ग्रीकांच्या वाऱ्यात वाढलेला. मार्सेय ही ग्रीकांचीच वसाहत. नंतर रिंगणाच्या कठड्यापाशी या. आज जी माती दिसते तिच्या वरच्या पातळीला पूर्वी लाकडी तळ होता, आणि त्याखाली प्राणी व यंत्रसामग्री. सगळ्यात वरचा मजला इथे उरलेला नाही, म्हणून माथा कापल्यासारखा दिसतो.

थिएटरमध्ये उलट करा. आधी वरच्या एखाद्या पायरीवर बसा आणि खाली बघा. दोन खांब दिसतील, त्यांच्यामागे झाडी. त्या दोन खांबांच्या रांगेत आणखी खांब, त्यांच्यावर आणखी दोन मजले, कोनाड्यांत मूर्ती, असं मनात उभं करावं लागतं. हे कष्ट रिंगण तुमच्याकडून घेत नाही, म्हणूनच ते सोपं वाटतं. मग खाली उतरा आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेला असलेली लांब खाच शोधा. रोमन पडदा वर उचलून उघडायचा नाही. नाटक सुरू झालं की तो खाली या खाचेत पडायचा आणि संपलं की खालून वर यायचा. त्याच्या पुढची अर्धगोल फरसबंदी मानकऱ्यांसाठी होती. आजूबाजूच्या गवतात कोरीव दगडांचे तुकडे मांडून ठेवले आहेत. कुठे पानांची नक्षी, कुठे बैलाचं मुंडकं. त्यांच्यापाशी वेळ द्या. बाहेर पडून दक्षिणेकडे गेलात तर थिएटरच्या कमानींचा एकच उभा पट्टा पूर्ण उंचीने उरलेला दिसेल, त्याला रोलांचा बुरूज म्हणतात. तो गावाच्या मध्ययुगीन तटबंदीत घेतला गेला म्हणून वाचला. म्हणजे थिएटरचंही जे तुकडाभर उरलं ते रिंगणाच्याच कारणाने.

इथे दुसरा एक गोंधळ मिटवून टाकतो. आर्लपासून तासाभराच्या आत असलेल्या नीम गावातही तसंच रिंगण आहे, सुमारे १३३ बाय १०१ मीटरचं, आणि इंटरनेटवर दोघांचे फोटो सर्रास अदलाबदल होतात. वर चौकोनी बुरूज दिसले तर आर्ल. वरची कड शाबूत दिसली तर नीम. थिएटरच्या बाबतीत आर्लला जोड द्यायची ती ओरांज गावाची. तिथली मागची भिंत, १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच, अजून उभी आहे. ती पाहिलेल्या माणसाला आर्लच्या दोन खांबांमागे काय होतं ते एका क्षणात कळतं. वेळ असेल तर आधी ओरांज, मग आर्ल.

मध्ययुगीन आर्लसाठी वेगळी धावपळ नको, थिएटरपासून सँ त्रोफीम चर्च हाकेच्या अंतरावर आहे. त्याचा बाराव्या शतकातला दरवाजा रोमन विजयकमानीच्या धर्तीवर घडवलेला आहे. शेजारच्या रोमन अवशेषांकडे बघत कारागीर वाढले होते, ते त्यात दिसतं. आतल्या अंगणाभोवतीच्या चार पडव्यांपैकी दोन बाराव्या शतकातल्या जुन्या धाटणीच्या आणि दोन चौदाव्या शतकातल्या गॉथिक. एका कोपऱ्यात उभं राहून दोन्ही शैली शेजारी शेजारी बघता येतात.

वापर आजही वेगळा आहे. रिंगणात ईस्टरला आणि सप्टेंबरमध्ये फेरिया नावाची जत्रा भरते, तिच्यात बैलांच्या झुंजी असतात आणि त्या स्पॅनिश पद्धतीच्या, बैल मारून संपणाऱ्या. ते नको असेल तर आर्लजवळच्या कामार्ग प्रदेशातल्या पद्धतीचा खेळ बघा. त्यात पांढऱ्या कपड्यांतली पोरं बैलाच्या शिंगांना बांधलेली फीत हिसकावून कठड्यावरून उड्या मारतात, आणि बैल जिवंत घरी जातो. गाजलेल्या बैलांची नावं तिथे पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापतात. खेळाच्या दिवशी रिंगण पर्यटकांना बंद असतं, म्हणून तारखा आधी तपासा. थिएटरचा मोसम जुलैमधला. १९७० पासून चालत आलेल्या छायाचित्र महोत्सवात रात्री त्या पायऱ्यांवर बसून मोठ्या पडद्यावर छायाचित्रं बघतात.

अव्हीन्योंहून रेल्वेने वीसेक मिनिटांत आर्लला पोहोचता येतं, मार्सेयहून तासाभरात. दोन्ही वास्तू आणि इतर स्मारकं मिळून एकच पास मिळतो, तो घ्या. ऊन चुकवायचं तर सकाळी थिएटर आणि संध्याकाळकडे रिंगण, कारण रिंगणात कमानींच्या बोळाची सावली तरी मिळते, थिएटरमध्ये काहीच नाही. आणि जमलं तर या दोन्हींच्या आधी नदीकाठच्या पुरातन वस्तूंच्या संग्रहालयात जा. तिथे दोन्ही वास्तूंच्या मूळ रूपाच्या प्रतिकृती आहेत, थिएटरमधला ऑगस्टस आहे, आणि व्हीनसची ठशावरून केलेली प्रत आहे.